शेणाने भरलेले जोडे

अरदासीची शेवटची ओळ मला पाच महिने म्हणता येत नव्हती.

बाकीची सगळी प्रार्थना म्हणायचे. हात जोडून, डोक्यावरची ओढणी सावरून, गुरुद्वाऱ्यातल्या संगतीबरोबर उभी राहायचे. गुरूंची नावं, हुतात्म्यांची आठवण, सगळं तोंडपाठ. लहानपणापासून दिवसातून दोनदा म्हटलेलं, जिभेला वळणच पडलंय. आणि मग शेवटी ते मागणं येतं, की वाहेगुरू, तुझ्या मर्जीत सगळ्यांचं भलं होवो. तिथे माझा जबडा घट्ट मिटायचा. सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं. त्यात बिक्करही आला. त्याचं भलं मी कशाला मागू?

बिक्कर सिंग म्हणजे ज्याच्या उसाच्या ट्रॉलीवर माझा मुलगा नवतेज आदळला, तो.

पोह महिन्यातली, ऐन थंडीतली गोष्ट. संध्याकाळचे पाच वाजलेले, पण धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. कालव्याच्या रस्त्यावर ट्रॉली उभी होती, अर्धी डांबरावर, मागे दिवा नाही. नवतेज मोटारसायकलवरून आला. बावीस वर्षांचा होता. पुढचं सांगत नाही.

मी रडले नाही. गुरुद्वाऱ्याच्या ग्रंथी भाईजींनी आधीच बायांना बजावलं होतं, ऊर बडवायचा नाही, हंबरडे फोडायचे नाहीत, आपल्यात तसं नसतं, त्याची मर्जी गोड मानायची. बाया बिचाऱ्या तोंडात ओढणीचा बोळा कोंबून बसल्या. मी आपली सरळ बसले होते, पाहुण्यासारखी. झालं, गावभर माझी कीर्ती! "बघा, दलबीर कौरने मर्जी कशी मानली. डोळ्यांत टिपूस नाही. याला म्हणतात गुरूची शिकवण." नवतेजसाठी ठेवलेल्या पाठाच्या समाप्तीला एक बाई माझा गुडघा दाबत म्हणाली, "अगं, दहाव्या गुरूंनी धर्मासाठी चार लेकरं दिली. तुझं तर एकच गेलं."

मी म्हटलं, "त्यांनी दिली गं. मला कुणी विचारलं होतं का?"

ती उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.

मर्जी कसली, डोंबलाची! मी दगड झाले होते. तव्यावरची रोटी उलटताना बोट तव्याला टेकायचं आणि तिथेच राहायचं. वास आला की कळायचं, की अरे, हे आपलंच कातडं. दुखायचं नाही. मीठ घातलं की नाही ते समजायचं नाही. माझ्या नवऱ्याचं नाव मेजर सिंग. नावाचाच मेजर, फौजेच्या फाटकातून कधी आत गेला नाही, यावरून आमच्या घरात रोज एक तरी टोमणा व्हायचा. नवतेज त्यांना सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, "मेजरसाहेब, म्हशी हजर आहेत." आता आमचे सरदारजी बोलेनासे झाले. वैरण कापून संपली तरी यंत्राचं चाक फिरवत बसायचे. मीही त्यांना थांबवत नव्हते.

माघात शेजारची छिंदो धावत आली. छिंदो म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र.

"दलबीर, ऐकलंस का? तो बसलाय."

"कोण?"

"तो गं तो! आपल्या गुरुद्वाऱ्यात, जोडेघरात. लोकांचे जोडे पुसतोय."

मग तिने सगळं सांगितलं. बिक्कर जामिनावर सुटला आणि संगतीपुढे येऊन उभा राहिला. गळ्यात परण्याचा पंचा, हात जोडलेले. म्हणाला, माझ्या हातून जीव गेलाय, कोर्ट देईल ते देईल, पण मी काय करू ते गुरूच्या घराने सांगावं. संगतीने निवडलेल्या पाच प्याऱ्यांनी आपसात विचार केला आणि सेवा लावून दिली, की रोज सकाळी कामावर जाण्याआधी जोडे पूस, मन हलकं होईपर्यंत. कुठल्या गुरुद्वाऱ्यात, असं विचारल्यावर त्याने स्वतःच आमचा सांगितला.

"निर्लज्ज मेला!" छिंदो म्हणाली. "सायकल हाणत आठ मैलांवरून येतो. त्याच्या गावात काय जोडे नाहीत?"

दुसऱ्या दिवशी मी गेले. जोडेघराची खिडकी आहे ना, तिथे तो उभा होता. तीस-बत्तिशीचा असेल, पण दाढीत पांढरे केस आलेले. मी जोडे काढून पुढे सरकवले. त्याने पाहिलं, ओळखलं. जोडे दोन्ही हातांनी घेतले आणि पितळी बिल्ला माझ्या हातावर ठेवला. मी आत जाऊन माथा टेकला, अरदासीला उभी राहिले, शेवटी तोंड मिटलं, बाहेर आले. जोडे लख्ख. शिवणीतली धूळसुद्धा काढलेली.

मला राग आला असं म्हणणार नाही. रागालाही अंगात थोडी ऊब लागते. पण तिसऱ्या दिवशी घरातून निघताना मी म्हशींच्या गोठ्यातून गेले. मुद्दाम. ताज्या शेणात उजवा पाय दिला, मग डावा दिला, आणि तशीच फचफच करत गुरुद्वाऱ्यात गेले.

बिक्करने जोडे घेतले. काडीने शेण काढलं, नळाखाली धुतले, खांद्यावरच्या परण्याने पुसले. आणि मग तो हात कपाळाला लावला. जोडेघरात सगळेच तसं करतात. जोड्यांची धूळ म्हणजे संगतीच्या पायांची धूळ, ती कपाळी लावली की अहंकार उतरतो म्हणतात. पण धूळ वेगळी आणि शेण वेगळं. त्याच्या कपाळावर हिरवट डाग राहिला. मी बघत राहिले.

मग तो माझा नेमच झाला. कधी शेण, कधी गटाराचा काळा राडा, कधी नुसताच चिखल, त्यात वर वैरणीचा भुसा. एकदा सरदारजींनी पाहिलं. पाच महिन्यांत ते दहा वाक्यं बोलले असतील, त्यातलं हे एक.

"अगं, गुरूच्या घरी चाललीस ना? जोड्यांकडे बघ."

"गुरूच्या घरी सगळे सारखे," मी म्हटलं. "माझे जोडेसुद्धा."

छिंदोला कळल्यावर ती आधी खूश झाली. "चांगलं करतेस! नाकाला झोंबू दे त्याच्या." महिनाभराने तीच म्हणाली, "आता पुरे कर गं. त्याच्या हातांना भेगा पडल्यात. बघवत नाही." मी म्हटलं, "बघवत नाही तर बघू नकोस."

मला वाटायचं, आज तरी हा चिडेल. जोडे माझ्या अंगावर फेकेल. म्हणेल, बीबी, फार झालं. आणि मग एकदाचं ते म्हणेल, जे ऐकायला मी रोज शेणात पाय देत होते.

काय ऐकायचं होतं तेही सांगते. गावात कुणाला ठाऊक नव्हतं. सरदारजींनाही नाही.

नवतेज गेला ते दिवस दहाव्या गुरूंच्या धाकट्या मुलांच्या, साहिबजाद्यांच्या हौतात्म्याचे होते. त्या दिवसांत आमच्याकडे रस्त्यारस्त्यावर लंगर लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चहा, रोटी, डाळ देतात. आमच्या गावाचा लंगर कालव्याच्या रस्त्यावर होता. आणि रस्त्यावर उभं राहून गाड्या थांबवायचं काम माझं. मला ते फार आवडायचं. मी हात आडवा करून ट्रकसुद्धा थांबवायचे. "कुठे पळतोस रे? गुरूच्या घरचं नाकारून जाशील?" मग कोणाची छाती होते पुढे जायची!

बिक्कर थांबत नव्हता. त्याने ट्रॅक्टर हळू केला आणि वरूनच हात जोडले. म्हणाला, "बीबीजी, धुकं वाढतंय. मागे दिवा नाही. कारखान्यावर नंबर लावायचाय, जाऊ द्या."

मी म्हटलं, "दोन मिनिटांनी तुझा ऊस आंबणार आहे का? उतर खाली."

तो उतरला. एक ग्लास प्यायला. निघाला तर मी त्याचं कोपर धरून दुसरा दिला. त्याने तो घाईघाईने, जीभ भाजत प्यायला. दूध संपत आलं म्हणून नवतेजला घरी मीच पिटाळलं होतं. तो दुधाची किटली घेऊन परत येत होता.

आवाज आला तेव्हा माझ्या हातात चहाची झारी होती. मी आधी ती नीट खाली ठेवली, हे मला आठवतं.

पोलिसांनी बिक्करला विचारलं. त्याने सांगितलं, ट्रॉली मी उभी केली, दिवा नव्हता, चूक माझी. एवढंच. लंगराचं नाव काढलं नाही. माझं नाव काढलं नाही. धुक्यात कुणी नीट पाहिलंही नव्हतं, कोण कोणाला थांबवतंय. मी तोंड उघडलं नाही. आधी उघडता आलं नाही, आणि मग उघडायची वेळ निघून गेली. लोक म्हणत होते, दलबीरने मर्जी मानली. आणि मी मनात म्हणत होते, मर्जी त्याची नव्हती रे बाबांनो, माझी होती.

म्हणून शेण. मला वाटायचं, कधीतरी हा माणूस उसळेल आणि भर गर्दीत ओरडेल, की हिनेच मला थांबवलं. मग निदान ते बाहेर तरी येईल. पण हा गडी रोज शेण काढायचा आणि हात कपाळाला लावायचा. जाऊ दे तिकडे!

जेठ उजाडला. उन्हाने डांबर मऊ व्हायला लागलं. पाचव्या गुरूंच्या हौतात्म्याला आमच्याकडे छबील लागते, रस्त्यावर थंड गोड दूधपाणी वाटतात. छिंदो सकाळीच आली.

"दलबीर, गुरुवारी छबील आहे. पाच महिने झाले, आता बाहेर पड. तू आपली रस्त्यावर उभी राहा. तुझ्यासारख्या गाड्या थांबवायला कुणाला जमतंय?"

ती चांगल्या मनाने बोलली. मी म्हटलं, "बघते." ती गेल्यावर मी ट्रंक उघडली.

ट्रंकेत नवतेजचे बूट होते. पांढरे, खेळायचे, आता पांढरे म्हणवत नाहीत. एक त्याच्याबरोबर दवाखान्यातून आला होता. दुसरा नंतर पोलिसांनी पिशवीतून आणून दिला. दोन्हींच्या तळाला कालव्याकाठची माती तशीच होती, राखाडी, कडक झालेली. त्या दिवशी तो जिथे जिथे चालला, तिथली ती माती. मी तिला हात लावला नव्हता. कुणाला लावू दिला नव्हता.

पिशवी घेऊन मी निघाले. गोठ्यातून गेले नाही. खिडकीशी गर्दी नव्हती. माझे जोडे मी पायातच ठेवले आणि नवतेजचे बूट पुढे सरकवले.

बिक्करने सवयीने दोन्ही हात पुढे केले आणि मग ते थांबले. त्याने बूट ओळखले. ओळखणारच. दुसरा बूट रस्त्यावरून त्यानेच उचलून पोलिसांकडे दिला होता.

"पूस," मी म्हटलं.

त्याने बूट मांडीवर घेतले. काडी उचलली, ठेवली. परणा खांद्यावरून काढला, तोही ठेवला.

"बीबीजी, हे नाही जमणार."

"का? शेण जमतं ना?"

"शेण तुमचं होतं. हे..."

मग मीच विचारलं. पाच महिने तोंडात धरून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं. "त्या दिवशी तुला कुणी थांबवलं, ते पोलिसांना का नाही सांगितलंस?"

त्याने मान वर केली. "त्यांनी विचारलं, ट्रॉली कुणी उभी केली. ती मी उभी केली होती. रस्त्याच्या खाली उतरवायला हवी होती, मी उतरवली नाही."

"उतरवायला मी वेळ दिला का? कोपर धरून दुसरा ग्लास कुणी पाजला? मी! तू जातो म्हणत होतास. मी तुला जाऊ दिलं नाही, बिक्कर. बोल ना! रोज इथे येते, रोज शेण आणते, एकदा तरी बोलायचंस!"

मागे दोन बाया येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. ऐकू दे म्हटलं.

तो हळूच म्हणाला, "बीबीजी, तो चहा गुरूच्या घरचा होता. त्याच्यावर आळ कसा घ्यायचा? आणि तुम्ही आई. तुमचं नाव घेऊन मी कुठे सुटलो असतो?"

त्या दोन बायांपैकी एकीने आपले जोडे खिडकीत ठेवले आणि गुपचूप आत निघून गेली. दुसरीही गेली. आता संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं. सरदारजींनाही कळणार. त्याआधी मलाच सांगायला हवं, असं मनात आलं.

मी वळसा घालून, दारात जोडे काढून, जोडेघराच्या मागच्या बाजूने आत शिरले. बिक्कर दचकून उभा राहिला.

"बस," मी म्हटलं. "एक तू घे, एक मी घेते."

आत जोड्यांचा आणि ओल्या फडक्यांचा वास होता. आम्ही तरटावर बसलो. माती काडीने निघेना, म्हणून मी तिथला पत्र्याचा तुकडा घेतला आणि खरवडायला लागले. माती खपल्यांनी सुटून माझ्या तळहातावर पडली. मूठभरसुद्धा नव्हती. बिक्करच्या बुटाची माती त्याच्या तळहातावर. तो ती तशीच धरून बसला होता, कुठे टाकावी ते कळत नसल्यासारखा.

आई मुलाच्या पायाची धूळ कपाळाला लावत नाही. उलटं असतं. पण जोडेघरात वय कुठे असतं? मोठा कोण, धाकटा कोण, कोणाचा जोडा कोणाच्या मांडीवर, काही नसतं. मी ती माती कपाळाला लावली. डोळ्यात थोडी गेली.

बिक्कर माझ्याकडे बघत होता. त्याला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"लाव," मी म्हटलं. "तुझाही वाटा आहे."

त्याने लावली. अर्धी दाढीत सांडली.

"आणि ऐक," मी म्हटलं. "गुरुवारी छबील आहे. तू ये. मी गाड्या थांबवणार नाही. तू उभा राहायचं, आणि येईल ती गाडी आधी रस्त्याच्या खाली मातीवर उतरवून घ्यायची. चाक डांबरावर असेल तोवर थेंब द्यायचा नाही कुणाला. कळलं?"

"जी, बीबीजी."

तेवढ्यात कर्ण्यावरून भाईजींचा आवाज आला. अरदास सुरू झाली. अरदास सुरू झाली की माणूस असेल तिथे उभा राहतो. आम्ही दोघं तिथेच जोड्यांच्या फळ्यांपुढे उभे राहिलो, मातीच्या हातांनी हात जोडून. मी म्हणायला लागले. तोही म्हणत होता. खालच्या आवाजात, पण एक शब्द चुकत नव्हता.

शेवट जवळ आला तशी माझ्या जबड्याची सवयीने तयारी झाली. आणि बाजूचा आवाजच थांबला. मी तिरक्या नजरेने पाहिलं. बिक्करचे ओठ मिटलेले होते. घट्ट, माझ्यासारखेच. सगळ्यांचं भलं म्हणजे त्याचंही, आणि ते त्याला मागवत नव्हतं. किती दिवसांचं होतं कोण जाणे. मी आत उभी राहून त्याच्यासाठी तोंड मिटत होते, आणि हा इथे जोड्यांमध्ये उभा राहून स्वतःसाठी मिटत होता.

मग मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कर्ण्याच्या वर आवाज काढून. त्याच्या वाट्याचंही आणि माझ्या वाट्याचंही. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

रडले का? नाही. खाली वाकले, जमिनीला हात टेकले, तेव्हा बोटाला काहीतरी झोंबलं. पाहिलं तर पत्र्याने बोट चांगलंच कापलं होतं, मातीत रक्त मिसळलं होतं. मी बोट तोंडात घातलं. दुखत होतं. ठणकत होतं चांगलं.